जावेच्या नावावर घेतलेली सुई

आमच्या दवाखान्यात आजारी पडायच्या आधी नोकरीला लागावं लागे. आणि कुठलीही नोकरी चालत नसे. कारखाना विमा योजनेत हवा, माणसाचं नाव कारखान्याच्या हजेरीपटावर हवं, आणि पगार सरकारने ठरवलेल्या मर्यादेच्या आत हवा. एवढं जमलं की मग खोकला, ताप, बाळंतपण, काय हवं ते करा, औषधपाणी फुकट. नाशिकला औद्योगिक वसाहत वाढत होती त्या सत्तर-ऐंशीच्या दशकांत, अशा एका कामगार विमा दवाखान्यात मी केसपेपरच्या खिडकीवर बसत असे. डॉक्टरांच्या आधी माणूस मला भेटायचा. तो आजारी आहे की नाही ते डॉक्टर ठरवत. त्याने आजारी पडावं की नाही, ते मी ठरवत असे.

बाहेरच्यांना हे काम म्हणजे कागद काढून देणं वाटतं, म्हणून थोडं सांगते. प्रत्येक कामगाराला एक विमा क्रमांक असे आणि एक कार्ड. कार्डावर त्याचं कुटुंब लिहिलेलं असे. कुटुंब म्हणजे बायको, मुलं आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील. भाऊ, भावजय, पुतण्या ही माणसं एका चुलीवर जेवत असली तरी योजनेच्या दृष्टीने परकी होती. माझ्या मागे लाकडी मांडण्या होत्या, त्यांत क्रमांकाप्रमाणे केसपेपर लावलेले. क्रमांक सांगितला की डोळे मिटून हात जायचा तिथे. त्या काळी घरच्यांच्या कार्डावर फोटो नसे. नाव, वय, नातं आणि 'ओळखीची खूण', म्हणजे तीळ, व्रण, तुटलेलं नख, असं काहीतरी. तेवढ्यावर माणूस ओळखायचा.

लोक क्रमांक विसरत, बाटली विसरत. मिक्श्चरसाठी बाटली घरून आणायची पद्धत होती, आणि तेलाच्या, दारूच्या, फिनेलच्या बाटल्या खिडकीवर येत. काही जण आजारही विसरत. कांद्याची लागण सुरू झाली की आमच्याकडे कमरदुखीची साथ यायची. गावाकडे चार वाफे असलेले कामगार एकेक करून वाकत वाकत येत आणि आजारपणाच्या रजेचं सर्टिफिकेट घेऊन ताठ होऊन जात. लागण उरकली की साथ ओसरे. डॉक्टरांना ते कळत होतं, मलाही कळत होतं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, असा तो मामला होता.

याच्या उलटही एक होते. सटाण्याकडचे देवरे नावाचे फिटर. त्यांच्या पत्नीला क्षय होता, औषधं सुरू होती, आणि क्षयाचं औषध तेव्हा वर्ष-दीड वर्ष चाले. एक दिवस देवरे पेढे घेऊन आले. सुपरवायझर झाले होते. मी पेढा तोंडात टाकला आणि त्यांनी कार्ड खिडकीवर ठेवलं. पगार मर्यादेच्या वर गेला म्हणून ते जमा करायला आले होते. आठवड्याभराने परत आले आणि साहेबाला सांगून पुन्हा फिटर होता येईल का, असं मला विचारलं. मी केसपेपर देणारी बाई, मी काय सांगणार? पुढे त्यांनी पत्नीचं औषध विकत आणलं, परवडलं तोवर. नंतरचं मला माहीत नाही. पेढ्याची चव मात्र अजून तोंडात आहे आणि ती गोड नाही.

मी स्वतः नाशिक रोडची. वडील नोटांच्या सरकारी छापखान्यात कामाला होते आणि आम्ही सरकारी वसाहतीत वाढलो. ताप आला की दवाखान्यात जायचं, एवढंच मला ठाऊक. दवाखाना कुणाच्या मालकीचा, आपण तिथे कशामुळे जातो, हा प्रश्न लहानपणी पडला नाही. तो खिडकीवर बसल्यावर पडला.

सिंहस्थ आला तेव्हा आमच्यातल्या काहींना त्र्यंबकच्या रस्त्यावर कॉलऱ्याच्या लशीच्या ठाण्यावर पाठवलं होतं. मी चिठ्ठ्या फाडायला होते. जटाधारी साधू आले, मोटारीतून शेटजी आले, भिकारी आले, सुरगाण्याकडचे पायी आलेले लोक आले. बाही वर करा, टोचून घ्या, पुढे व्हा. पगार किती, कारखाना कोणता, हे कुणालाही विचारायचं नव्हतं. एकाला जुलाब झाले तर सगळ्या मेळ्याला होतील, हे सरकारला पक्कं माहीत होतं. मेळा उठला, मी परत खिडकीवर आले आणि पुन्हा क्रमांक विचारायला लागले. मला तेव्हा त्यात विसंगत काही वाटलं नाही. पुढे जे घडलं त्यानंतर वाटायला लागलं.

यमुना दर तीन आठवड्यांनी यायची. तिचा नवरा मंगळू ओतकामाच्या कारखान्यात कायम होता. माणसं सुरगाण्याच्या डोंगरातली. पावसाळ्यात नागली-भात करायचं आणि एरवी मजुरीसाठी खाली उतरायचं, यातून सुटून मंगळूने शहरात जम बसवला होता. यमुनाला लहानपणी सांध्यांचा ताप येऊन गेला होता आणि त्यात हृदयाची झडप खराब झाली होती. असा ताप पुन्हा आला तर झडप आणखी बिघडते. तो येऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं लांब मुदतीचं इंजेक्शन घ्यायचं, वर्षानुवर्षं. यमुना एकही तारीख चुकवत नसे. डाव्या गालावर मोठा तीळ, हळू चालणं, हळू बोलणं. खिडकीशी आली की मी क्रमांक विचारायच्या आधीच कागद काढून ठेवलेला असे.

मंगळूचा धाकटा भाऊ लहानू त्याच कारखान्यात, त्याच भट्टीवर, पण ठेकेदाराकडून. कायद्याने ठेकेदारानेही माणसांची नावं योजनेत घालायची असत. हा ठेकेदार घालत नव्हता. दोघं भाऊ एकाच खोलीत राहत, एकच राख दोघांच्या छातीत जाई, पण कार्ड एकाच्याच बायकोला होतं.

सिंहस्थानंतरच्या थंडीत एक दिवस यमुनाचं कार्ड खिडकीतून आत आलं. मी कागदाला हात घातला आणि वर पाहिलं. समोर वेगळीच बाई. तरणी, अंगाने भरलेली, तापाने डोळे लाल. तीळ होता, पण उजव्या गालावर. काजळाचा. यमुनाला समोर बसवून, तिच्याकडे बघून तिने तो काढला असणार. समोरच्या माणसाचा डावा गाल आपल्या उजव्या हाताला येतो, हे दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं. तापाच्या घामाने तो अर्धा ओघळून हनुवटीपर्यंत आला होता.

मी नाव विचारलं. ती म्हणाली, "यमुनाबाई मंगळू." वय सांगितलं, बरोबर सांगितलं. इंजेक्शनची मागची तारीखसुद्धा सांगितली. पाठ करून आली होती.

मला हसू आलं. असल्या उसन्या बायका आणि उसने सासरे खिडकीवर अधूनमधून येत. मी काहींना परतवून लावत असे, काहींना सोडत असे, आणि कुणाला सोडायचं ते त्या दिवशीच्या माझ्या मनःस्थितीवर असे. त्या दिवशी ती बरी होती. मी कागद दिला आणि गाल पूस, एवढं सांगितलं. तिने पदराने गाल पुसला आणि आत गेली. आपण एका गरीब बाईवर उपकार केला, असं मला वाटलं, आणि वाटून बरंही वाटलं.

आमचे नेहमीचे डॉक्टर त्या आठवड्यात रजेवर होते, सिस्टर लसीकरणाच्या ड्युटीवर. बदलीवर आलेले डॉक्टर तरुण आणि मन लावून काम करणारे होते. त्यांनी केसपेपर वाचला. हृदयाची झडप खराब, आणि समोर बाईला ताप, घसा सुजलेला. अशा पेशंटचा घसा म्हणजे धोक्याची घंटा. त्यांनी विचारलं, पेनिसिलिन नेहमी घेतेस ना? ती हो म्हणाली. कधी त्रास झाला? नाही म्हणाली. कागदावरही तेच होतं, ओळीने तारखा आणि प्रत्येक तारखेसमोर सही. डॉक्टरांनी चाचणीचा थेंब न टोचता इंजेक्शन दिलं. कागदाप्रमाणे त्यांचं काही चुकलं नाही.

पाच मिनिटांत आरडाओरडा झाला म्हणून मी उठून गेले. ती जमिनीवर होती. ओठ सुजलेले, अंगभर गांधी उठलेल्या, श्वास घुसमटत होता. डॉक्टरांनी एकामागून एक दोन सुया दिल्या, मी तिचे पाय उचलून धरले होते. ही यमुना नाही, हे माझ्या तोंडाशी आलं होतं. पण ती कुणी का असेना, आत्ता द्यायचं औषध तेच, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. तिचे ओठ उतरायला लागले, नाडी हाताला लागली, आणि मला रडू आलं. तिचं नाव काय, हेही मला माहीत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत तिला आडवं ठेवलं. डॉक्टर बाहेर गेले तेव्हा मी जवळ बसून विचारलं. तिचं नाव हिरा, लहानूची बायको. सुरगाण्याला असताना अशीच एक सुई घेऊन ती सुजली होती, तेव्हा आयाबायांनी सांगितलं होतं, पुन्हा घेऊ नको म्हणून. मी विचारलं, मग डॉक्टरांना बोलली का नाहीस?

ती म्हणाली, "मला सोसत नाय ते मला म्हाईत व्हतं, बाई. पण यमुनेला सोसती ना. मी तर यमुना व्हते."



घरी जाण्याआधी डॉक्टरांनी नियमाप्रमाणे लाल शाई घेतली आणि यमुनाच्या केसपेपरवर वर ठळक लिहिलं: पेनिसिलिन सोसत नाही, जिवाला धोका, देऊ नये. खाली सगळा प्रकार वेळेनिशी लिहिला. मी बघत उभी होते. मी तोंड उघडलं असतं तर मंगळूचं कार्ड गेलं असतं, कदाचित नोकरीही, आणि कार्डाबरोबर यमुनाची सुई. माझी नोकरी गेली असती हे सगळ्यात आधी मनात आलं होतं, ते इथे मागून लिहिते आहे. मी मिठाची गुळणी धरली. कागद परत मांडणीत लावला.

तीन आठवड्यांनी यमुना आली. तारखेला, नेहमीसारखी. मी कागद काढून तिच्या हातात दिला आणि माझी नजर वर होईना. आमचे नेहमीचे डॉक्टर रजेवरून आले होते. लाल अक्षरं वाचून ते चपापले. इतकी वर्षं सोसलेलं औषध अचानक एक दिवस सोसेनासं होऊ शकतं, तसं होतंच, त्यामुळे त्यांना शंका यायचं कारण नव्हतं. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, वाचलीस गं तू, देवाची कृपा. यमुनाने मान हलवली. दुसरीच्या मरणातून वाचल्याबद्दल तिचं अभिनंदन होत होतं आणि ती मान हलवत होती.

इंजेक्शनऐवजी तिला रोजच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्या आमच्याकडे कधी असत, कधी नसत. नसल्या की मी चिठ्ठीवर 'पुढच्या आठवड्यात' असं लिहून देत असे. यमुना चिठ्ठी घडी घालून पोलक्यात ठेवी आणि जाई. खिडकीशी एकदा ती हळूच म्हणाली होती, तुम्ही तेवढं सांगू नका. नाही सांगणार, असं मी म्हटलं. दोघींनी मिळून तिचा घात चालवला होता आणि दोघींनाही वाटत होतं आपण कुणालातरी सांभाळतो आहोत.

दोन महिने झाले असतील. यमुनाला सांधे सुजून ताप आला. पुढच्या खेपेला ती खिडकीपर्यंत पोचली आणि बोलता येईना, दम लागलेला. दाराला तीन पायऱ्या होत्या फक्त. मी तिला बाकावर बसवलं, रांग तशीच सोडली आणि आत जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. तीळ, पाठ केलेल्या तारखा, हिरा, सगळं.

डॉक्टर रागीट म्हणून प्रसिद्ध होते. पण ते ओरडले नाहीत. पेन खाली ठेवून म्हणाले, "पगारे बाई, ही पोरगी मेल्यावर सांगणार होता का?"

मी यमुनाचा कागद आणून त्यांच्यासमोर ठेवला. 

त्यांनी लाल ओळ आडवी मारली, खाली सही केली. यमुनाला चाचणी करून त्याच दिवशी इंजेक्शन दिलं आणि हृदय तपासायला मोठ्या इस्पितळात पाठवलं. झडप पूर्वीपेक्षा खराब झाली होती. ती जगली, आणखी काही वर्षं. पण पाण्याची कळशी पुन्हा तिने उचलली नाही आणि मूल होऊ द्यायचं नाही, असं तिला सांगण्यात आलं. तोवर तिला मूल नव्हतं. हा दोष हिराचा नाही, बदलीच्या डॉक्टरांचा नाही. काही योजनेचा आहे आणि बाकीचा माझा.

डॉक्टरांनी वर कळवलं नाही. मंगळूचं कार्ड राहिलं, माझी नोकरी राहिली. त्यांनी एकच अट घातली. ते म्हणाले, यापुढे चुकीच्या माणसाच्या हातात कागद जाता कामा नये. कागदावर माणूस वेगळा आणि टेबलावर वेगळा असेल तर मी डॉक्टर नाही, खाटीक आहे. हिराला बोलावून घेतलं आणि त्यांच्यासमोर मी तिला सांगितलं: कुठल्याही दवाखान्यात गेलीस तरी खरं नाव सांगायचं, सुई सोसत नाही ते सांगायचं, दुसऱ्याचं कार्ड हातात धरायचं नाही. तिने प्रत्येक गोष्टीला हो म्हटलं.

त्यानंतर मी कडक झाले. खुणा तपासू लागले, दंडावरचे व्रण चाचपून बघू लागले, कामगाराला समोर उभं करून नाती विचारू लागले. रांगेतून माणसं परत जाऊ लागली. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा लिहिला, रेकॉर्ड उत्तम. खोटं बोलून येणाऱ्यांचा मला राग येईनासा झाला होता, तरी मी त्यांना परत पाठवत होते, कारण खोट्या कागदाने काय होतं ते मी पाहिलं होतं. मला आजही वाटतं, मी त्या बाबतीत बरोबर होते. योजना चांगली होती. जिथवर पोचत होती तिथवर ती लोकांना जगवत होती. फक्त ती जिथे संपत होती तिथे खिडकी होती आणि खिडकीत मी होते. एका चुलीवरच्या दोन बायकांतली एक आत आणि एक बाहेर, अशी ओळ मारली की बाहेरची आत घुसणारच, आणि घुसताना आतलीला धक्का लागणारच. ती ओळच नसती तर हिराने काजळ डोळ्यांत घातलं असतं.

पुढचं सांगायचं टाळत होते.

वर्षभराने, उन्हाळ्यात, हिरा खिडकीवर आली. गालावर काही नव्हतं. दंड बारीक झाले होते आणि ती तोंडाला पदर लावून खोकत होती. महिनाभर खोकला होता, संध्याकाळी ताप येत होता. आमच्या दवाखान्यात तो खोकला कशाचा असतो ते शिपायालाही ओळखता येत असे. तिच्या हातात कार्ड नव्हतं, धुतलेली रिकामी बाटली होती.

मी सवयीने नाव विचारलं.

"हिराबाई लहानू. सुई सोसत नाय, ते बी लिवा."

मी क्रमांक विचारला. नाही म्हणाली. मी मांडणीकडे वळून पाहिलं, उगाचच. नियम तिला समजावून सांगितला, सरकारी दवाखाना कुठे आहे, कोणती बस जाते, तेही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मागे रांग चुळबुळत होती.

ती म्हणाली, "खरं नाव सांग म्हणला व्हता तुमी. सांगितलं. आता ह्या नावाला कोण बघंल, बाई?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला खरंच माहिती हवी होती. मी तिच्या खांद्यावरून हात लांब केला आणि मागच्या माणसाचं कार्ड घेतलं.